विहिरीच्या काठावर जगदेव काय पुटपुटतो

सकाळचे आठ. मधोमध दगडी बांधणीची जुनी विहीर, तिच्या तोंडावरचे गंजके पत्रे नुकतेच बाजूला केलेले. डावीकडे मिरचीचे वाफे आणि माना टाकलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. उजवीकडे आंब्याखाली सात-आठ माणसं, कोणी उकिडवं बसलेलं, कोणी खिशात तंबाखू चाचपणारं. लांबून मालेगावला जाणाऱ्या एसटीचा आवाज. आणि अशा लख्ख उन्हात, खांद्यावर दोराचं वेटोळं अन् हातात पेटता कंदील घेऊन जगदेवचा प्रवेश.

चाळीस वर्षं मी फिरत्या नाटक मंडळीत काढली. प्रवेश कसा घ्यावा हे कळायलाच त्यातली दहा गेली. हा माणूस कोणाकडेही न बघता आला आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले.

जगदेव साठीचा. विहिरीतला गाळ काढणं हा त्याचा बापापासूनचा धंदा. घर ख्रिस्ती. आजा कधीकाळी मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होता आणि बरा होऊन परतला तो प्रभूचं नाव घेतच, एवढाच घराण्याचा इतिहास त्याला ठाऊक. रविवारी तो उपासनेला जातो. त्या दिवशी खुद्द सरपंच आला तरी विहिरीत उतरत नाही.

अलीकडे त्याला बोलावणी फार. पाऊस कधी येईल आणि कधी पाठ फिरवेल, काही सांगता येत नाही. बोअर एकेक करून कोरडे पडले, तशा लोकांना झाकून ठेवलेल्या विहिरी आठवू लागल्या. सतीशची ही विहीर त्यातलीच, नऊ वर्षं बंद. मी त्याच्याच वाडीतल्या खोलीत भाड्याने राहतो, त्यामुळे त्याची तगमग रोज बघत होतो. त्याचा बोअर होळीलाच आटला होता. आणखी दोन-तीन दिवस पाणी मिळालं नाही तर मिरची हातची जाणार होती.

सतीशची आई वच्छलाबाई हिने काठावर हळद-कुंकू वाहून नारळ फोडला. ते होईपर्यंत जगदेव अदबीने बाजूला उभा राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, काठावर एक गुडघा टेकला, डोळे मिटले आणि ओठ हलवू लागला.

याच पुटपुटण्याचं मला भारी कुतूहल. शेजारच्या शेतातला हरिसिंग म्हणे, की तो विहिरीतल्या विषारी हवेवरचा मंतर आहे, थेट गोऱ्या साहेबाकडून आलेला, म्हणूनच तीस वर्षांत जगदेवला काही झालं नाही. गावात बहुतेकांचं हेच मत. पडद्याआडून सांगितलेले शब्द टिपायची माझ्या कानांना सवय, म्हणून मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. एक अक्षर हाती लागलं नाही.

प्रार्थना आटोपून त्याने कंदील बादलीत ठेवला आणि दोराने खाली सोडला. वीसेक फुटांवर ज्योत बारीक झाली आणि विझली. त्याने कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी पुन्हा विझला. जगदेवने टोपी घातली आणि म्हणाला, की खाली हवा वाईट आहे, एवढ्यात कोणी उतरायचं नाही.

मग हरिसिंगने तोंड उघडलं. "काहून गा जगदेव, तुहा देव आज सुट्टीवर हाय काय?"

आंब्याखाली हशा पिकला. म्हातारा झाला, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, की मंतर विसरला असेल तर घरी कोणाला फोन करून विचारतो का. जगदेव दोर गुंडाळत राहिला.

तोवर सतीशने दुसरा दोर कमरेला बांधलाही होता. "काका, तुमी वरून मंतर म्हना, मी उतरतो. विहीर माही हाय, मिरची माही हाय." सतीशने एक पाय कठड्यापलीकडे टाकला, आणि जगदेवने हातातलं वेटोळं बाजूला टाकून त्याच्या कमरेचा दोर दोन्ही हातांनी धरला.

"हा मंतर नाही, बाप्पा. मंतर असता तं माहा भाऊ मेला नसता."

दोर हातात धरूनच त्याने सांगितलं. थोरला भाऊ शेषराव. घरात सगळ्यांत भाविक तोच. छत्तीस वर्षांपूर्वी अशाच एका विहिरीत कंदील विझला. काठावरचे लोक हसले, देवाचा माणूस दिव्याला भ्याला म्हणाले. शेषरावने प्रार्थना केली आणि उतरला. तासाभराने त्याला वर काढलं. त्यानंतर दोन वर्षं जगदेव प्रार्थनेला गेला नाही. चर्चचे पाळकसाहेब दर आठवड्याला घरी यायचे, चहा प्यायचे आणि उपदेश न करता जायचे. एकदा जगदेवने त्यांना विचारलं, की देवाने भावाला का वाचवलं नाही. मला माहीत नाही म्हणाले, आणि त्याच्या ओट्यावर बसून रडले. पुढच्या रविवारी तो पुन्हा जाऊ लागला.

सतीशने पाय आत घेतला. कमरेची गाठ त्याला सुटेना, ती हरिसिंगने सोडली.

मग काम सुरू झालं. शेजारून ड्रमभर पाणी आणलं आणि बादल्या भरभरून विहिरीत फेकलं. कडुनिंबाची मोठी फांदी दोराला बांधून वरखाली, वरखाली केली, आतली हवा हलावी म्हणून. या कामाला सगळ्यांत जास्त वेळ हरिसिंगच लागला होता. दुपारी दोनला कंदील तळापर्यंत जळत गेला. जगदेवने पुन्हा टोपी काढली, पुन्हा ओठ हलले, आणि तो उतरला. दिवस कलेपर्यंत घमेल्यामागून घमेलं गाळ वर आला, आणि तळाशी एका बाजूने करंगळीएवढं पाणी झिरपू लागलं.

चहा पिताना मला राहवेना. विचारलंच, की काठावर तुम्ही नेमकं म्हणता तरी काय.

"विहिरीचं भेव कंदील सांगते, मास्तर. मी मानसायच्या भेवासाठी म्हंतो. लोकं हासले तं मले मागं फिरता येऊ दे, एवढंच मांगतो."

चुकीच्या जागी प्रेक्षक हसले तर काय, या धास्तीत माझा जन्म गेला. त्याने सायकलच्या कॅरिअरला दोर बांधला. इतकी वर्षं मागूनही अजून भीती वाटते का, असं मी निघता निघता विचारलं.

"लागते ना. उद्या मंगरूळपीरकडं एक विहीर हाय, तितं बी लागन. चालजा पाह्यले. तुमाले भेव लागलं तं मले सांगजा, माहं मी प्रभूले सांगतो."