चट्टे आणि बोटं

पालघरच्या एका दवाखान्याच्या रांगेत मी आरोग्याच्या माहितीची पत्रकं वाटत होते. मुरबे गावच्या एका कोळी मावशीने माझं पत्रक घेतलं आणि न वाचता त्याने वारा घेऊ लागली. तिच्या गालांवर लालभडक चट्टे होते, आणि बोटांची कातडी इतकी ताणलेली की मूठ वळत नव्हती. धाप लागली म्हणून भर उन्हाळ्यात आली होती.

तिला तपासताना डॉक्टर खेकसला ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. "दोन रोग एकत्र आहेत. फुप्फुसापर्यंत गेलंय! चट्टे आधी का नाही दाखवले?"

"उन्हात बोंबील सुकवते तवा चट्टे येतात. दर पावसात होड्या बंद, तवा मी इथं येते, तर चट्टे गेलेले. तुमी बोटं बघून मलम देता."

बाहेर येऊन ती मला म्हणाली, "रोगाला सुट्टी, तवाच मला सुट्टी, बाय."

इतक्या पावसाळ्यांत एकाही शहाण्याने तिला 'काम काय करता?' एवढं विचारलं नव्हतं.

"आता डाक्टर म्हनतो, ऊन नको, मासळीच्या बर्फात हात नको. मग मासळी काय त्याच्या टेबलावर सुकवू?" ती हसली, खोकली आणि उन्हात उतरली, माझं पत्रक गालावर आडवं धरून. पत्रकाचा तेवढाच उपयोग झाला.