सगळ्यांना खेळवणारे कोच

"सगळे खेळणार," असं म्हणून ते चष्म्यावरचा पाऊस पुसायचे. मग टीम तीन गोलांनी मागे असली तरी बेंचवरची शेवटची मुलगीसुद्धा मैदानात जायची.

नॉटिंगहॅममध्ये आमची मुलगी ज्या कॉलेजात जाते, तिथल्या मुलींच्या फुटबॉल टीमचे ते कोच. त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या मुलीही आता त्यांच्याकडे खेळत. कोचचा स्वतःचा जन्म इथलाच, मराठी भाषा आईकडून ऐकून आलेली. आम्ही मराठी आहोत हे कळल्यापासून ती सगळी ते माझ्यावर वापरत. "डॉक्टर, तुमचं मुलगी फार लाजते. बॉलला सॉरी म्हणते."

हा गुण माझ्याकडून आलाय. सुपरमार्केटात मी ट्रॉलीचीसुद्धा माफी मागतो. मॅच बुधवारी दुपारी असते; तेव्हा मला क्लिनिक नसतं, म्हणून थर्मास घेऊन टचलाइनवर उभं राहायचं काम माझ्याकडे. ऑफसाइड मला अजून कळलेला नाही. बाकीचे ओरडले की मी ओरडतो.

गेल्या वर्षी टीम हरतच गेली. हरणाऱ्या टीमचे पालक तुम्ही पाहिले असतील. आधी हवेला दोष देतात, मग रेफ्रीला, मग कोचला. टीम खालच्या लीगमध्ये गेली तर पुढच्या वर्षी दुसरा कोच, असं प्रिन्सिपलनी त्यांना सांगून टाकलं. बायको गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात बुधवार सोडून फारसं काही उरलेलं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या मॅचला बरोबरीही पुरणार होती. एक-एक झालेलं, थोडाच वेळ उरलेला, आणि बेंचवर एकटी आमची कन्या. पोटच्या पोरीला खेळवू नका म्हणून कोचला गाठणारा बाप त्या मैदानावर मी पहिलाच असेन.

"सर, आज राहू द्या तिला."

"का? दुखतं काय तिला?"

"नाही, पण तुमचं..."

"माझं मी बघतो, डॉक्टर. तुम्ही टाळ्या वाजवा."

ती उतरली, जीव तोडून पळाली. शेवटी आमच्याच गोलसमोर आलेला बॉल तिनं मारला, तो थेट समोरच्या टीमच्या मुलीकडे गेला आणि आमच्यावर गोल झाला.

शिट्टी वाजली तशी ती तिथेच रडायला लागली. कोच मैदानावरचे प्लास्टिकचे कोन गोळा करत तिच्यापाशी गेले. कोणत्या पायानं मारलास, विचारलं. "लेफ्ट," ती म्हणाली.

"लेफ्ट? सप्टेंबरला तुझा लेफ्ट फक्त उभं राहायला होता."

ती रडता रडता हसली. पालकांपैकी कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मी चहा पुढे केला. कप दोन्ही हातांत धरून ते रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले.

"आता बुधवारी काय करायचं, डॉक्टर?"

जेवायला या म्हणालो. हो हो म्हणाले, पण आले नाहीत.

यंदाचा कोच तरुण आहे, हुशार आहे. टीम जिंकते, पालक खूश आहेत. आमची कन्या बेंचवर असते; अजून एकदाही उतरलेली नाही. परवा मॅचनंतर बायकोनं धुवायला म्हणून तिची बॅग उघडली, पांढरे मोजे उलटसुलट करून पाहिले आणि घडी न मोडता परत ठेवून दिले.