काठोकाठ पियाला

तोलिबजानला गुरुवारच्या चहा-पत्त्यांच्या बैठकीचं बोलावणं आलं तेव्हा त्याची बायको रानो हरखून गेली, आणि तोलिबजान मात्र पलंगाखाली शिरायच्या बेतात होता. खोटं नाही सांगत. एकेचाळीस वर्षांचा बाप्या, शाळेत भूगोल शिकवलेला, पण गल्लीच्या टोकापर्यंत जायचं म्हटलं की दाराला आतून कडी.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी त्याचं मन पार बसलं. उठेना, जेवेना. मग मनोरुग्णांच्या इस्पितळात सत्तेचाळीस दिवस काढून, गोळ्यांची पिशवी घेऊन तो घरी आला. त्याच्या जुन्या बैठकीतले दोस्त म्हणाले, "तू आराम कर हो." आराम कर, आराम कर म्हणत त्यांनी त्याला बोलावणंच सोडलं. मेले कुठले. आमच्या मार्गिलान शहरात बैठक नसलेला पुरुष म्हणजे झाकण हरवलेली किटली. काम देते, पण पाहुण्यांपुढे कुणी ठेवत नाही.

शेवटी शेजारच्या सोबिर नानवाल्याला दया आली. "आमच्यात ये," तो म्हणाला. "नव्या माणसाने चहा ओतायचा, एवढंच. बैठकीतला मानाचा म्हातारा, कोचकार-ओता, खूश झाला की तू आमचा."

एवढंच! तोलिबजानचे हात गोळ्यांमुळे थरथरायचे. आणि आमच्याकडे चहाचा पियाला, म्हणजे बिनकानाची वाटी, अर्धाच भरतात. अर्धा म्हणजे बसा निवांत, अजून ओततो. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालू पडा.

आठवडाभर तालीम चालली. रानो लोडाला टेकून म्हातारा झाली, तोलिबजान ओतायला बसला. पहिल्याच दिवशी तिला स्वतःच्याच घरातून सतरा वेळा हाकललं गेलं.

"अहो, सरळ सांगून टाका ना, औषधाने हात हलतो म्हणून," ती ओली ओढणी पिळत म्हणाली.

"सांगितलं की हेही आराम कर म्हणतील. ही बैठक गेली तर माझ्याशी बोलायला कोंबड्याच उरतील, रानो."

"मी आहे की."

"तू आहेस गं. पण तू माझ्याशी पत्ते कुठे खेळतेस?"

गुरुवारी दुपारी सोबिरकडे, सोबिर धरून, पाच जण जमले. मानाच्या जागी कोचकार-ओता, ओता म्हणजे आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर चौकात उभं राहून हाताने गाड्या थांबवलेला आणि सोडलेला पोलीस. त्याच्या लेखी इशारा म्हणजे इशारा. तोलिबजानने किटली उचलली, मनात रानोला आठवलं, आणि हाताने आपला वेगळाच नाच सुरू केला. पियाला भरला. काठोकाठ भरला. वर खाली अंथरलेल्या दस्तरखानावरच्या, खाण्याच्या चादरीवरच्या, जर्दाळूंनाही आंघोळ घडली.

ओताने पियाल्याकडे पाहिलं, एका दमात चहा संपवला आणि गुडघे धरत उठला.

"समजलं," म्हणाला. "निघतो."

ओता दाराबाहेर जाऊन रबरी जोडे चढवू लागला. त्याला एक जोडा घालायला चांगली पाच मिनिटं लागतात, म्हणून बरं. तोलिबजानला वाटलं, संपलं सगळं, आता कोंबड्या. पण मग त्याला रडू यायच्या आत रागच आला, स्वतःचाच. किटली हातात तशीच घेऊन तो दारात धावला.

"ओता, मी तुम्हाला जा म्हटलं नाही. माझा हात थरथरतो. डोक्याच्या गोळ्या घेतो मी. सत्तेचाळीस दिवस त्या इस्पितळात होतो. तुम्ही गेलात तर मला कुठे जायला जागा नाही."

ओता एका पायात जोडा, दुसरा हातात, असा उभा राहिला. "हे आधी सांगायला काय झालं होतं? जोडा काढायला मला अजून पाच मिनिटं लागणार." मग जरा विचार करून, "किती गोळ्या?"

"तीन."

"मला सहा आहेत," ओता छाती काढून म्हणाला. "पण इशारा मिळाल्यावर मी निघालो, तो निघालो. आता घरातल्याने बोलावल्याशिवाय परत येणार नाही. बोलाव."

तोवर आतले चौघे आपापले पियाले किटलीखाली धरायला दारात हजर. सोबिरने तर कोपराने तोलिबजानचा हात ढकलून पियाला भरून घेतला. "आम्हालाही हाकल की, आम्ही काय पाप केलंय?" आणि एकेक जण चहा पिऊन मोज्यांवरच अंगणात जाऊन उभा राहिला. घर सोबिरचं, आणि सोबिरही बाहेर. आत एकटा तोलिबजान.

वर्षभरात त्याने कुणाला हाक मारली नव्हती. "या," तो म्हणाला. कुणी हललं नाही. "नावाने," ओता बाहेरून गुरकावला.

मग तोलिबजानने पाची जणांना नावानिशी आत घेतलं. शेवटी ओताला, हात धरून. आता त्या दोन हातांतला थरथरणारा कुठला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"बोलावणारा तू," ओता बसता बसता म्हणाला, "तेव्हा पुढचा गुरुवार तुझ्याकडे."

पुढच्या गुरुवारी रानोने पियाले कपाटातच ठेवले आणि चहासाठी शोरव्याचे, रस्सा प्यायचे, मोठे वाडगे मांडले. हात कितीही हलो, वाडगा काही अर्ध्याच्या वर जाईना. कोचकार-ओता आठ वाडगे प्याला, पत्त्यांत तीनदा लबाडी करताना पकडला गेला, आणि दिवेलागणीपर्यंत उठायचं नाव घेईना.