पेटीतला ताजा शेंदूर

मी विज्ञानाचा शिक्षक. निरीक्षण, नोंद, निष्कर्ष या क्रमाबाहेरच्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. त्यामुळे ही हकिगत निष्कर्षाविना लिहिताना संकोच वाटतो...

२०१६ साली डहाणू तालुक्यातील रानशेतजवळच्या एका पाड्यावर मी आणि माझे सहकारी देसले सर यांनी जुन्या लाकडी देवांची यादी केली. "नोंद असली की चोरीला आळा बसतो," हे त्यांचेच म्हणणे. वेशीवरच्या वाघ्याचा, म्हणजे वाघ कोरलेल्या सागवानी खांबाचा, शेंदूर उडालेला पाहून मी लिहिले – 'सध्या पूजेत नाही'. त्याला शेंदूर वर्षातून एकदाच, दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला लागतो, हे विचारायचे मला सुचले नाही.

पुढच्या वर्षी खांब नाहीसा झाला आणि परदेशातील कस्टम्सच्या हाती लागला; त्यांनी तो सीलबंद पेटीत ठेवला. अशा वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार आहे. मात्र वस्तू चोरीची आहे, हे ती परत मागणाऱ्याला कागदावर दाखवावे लागते. विक्रेत्याने कागद आधीच जोडला होता – माझीच यादी! गावाने टाकून दिलेली वस्तू म्हणून. खाली विक्रेत्याला तसे लिहून देणारी देसले सरांची सही. चौदा वर्षे आम्ही एका डब्यातून जेवलो होतो.

वाघबारसेच्या सकाळी मी माफी मागायला गेलो. रिकाम्या खड्ड्यापाशी भगत जानूबाबा बसले होते.

"मास्तर, तुमी मोजला, फोटू काढला. आमाला इचारला का?"

"चुकलं, बाबा."

"पोरांचा चुकला तं छडी मारता ना?"

पूजेला जमलेल्या बायका हसल्या. मी मान खाली घातली. बाबांनी शेंदरात हात बुडवला आणि खांब जिथे असता, तिथे हवेतच पंजा टेकवला. त्यांची तर्जनी विळ्याने अर्धी तुटलेली आहे.

आठवड्याने पोलिसांमार्फत कस्टम्सचा ईमेल आला. पेटीचे सील शाबूत होते, तरी आत खांबावर ताजा रंग – हा कोणी लावला? सोबत दोन छायाचित्रे होती. महिन्यापूर्वीच्या छायाचित्रात लाकूड कोरडे. नव्यात शेंदरी पंजा, तर्जनी अर्धी.

देसले सरांना दाखवले. "छान एडिट केलंय. कोणाकडून?" एवढेच म्हणाले.

२०१९ संपत आले, खांब परतलेला नाही. तो पंजा पेटीत कसा उमटला, हे मला आजही सांगता येत नाही. जानूबाबांना छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. मोबाईल माझ्या हातात परत देत ते म्हणाले,

"मास्तर, आता याची यादी नका करू."