इराण्णाची जनावरं

टॉवेल कारखान्याच्या सांडपाणी प्लॅन्टवर नोकरी केली की किस्से आपोआप साचतात. टाकीतल्या गाळासारखेच, कितीही उपसा, तळाला उरतातच. पण इराण्णा गेल्यापासून चहाला बसलो की आमच्यात त्याचेच निघतात.

इराण्णा मैंदर्गीचा, आमचा ऑपरेटर. मी केमिस्ट. पण प्लॅन्टचं खरं काम करतात जंतू. रंगाच्या पाण्यातली घाण हे त्यांचं खाणं आणि ब्लोअरची हवा हा त्यांचा श्वास. खाणं कमी पडलं की आम्ही गूळ कालवून घालतो. एकदा मालकांनी पोतं बघून विचारलं, हा गूळ कुणाचा? इराण्णा म्हणाला, "जनावरांचा. लई हायत, दिसत न्हाईत इतकंच." मालक बराच वेळ टाकीत वाकून बघत राहिले!

दिवाळीत कारखाना चार दिवस बंद. मी सहज बोलून गेलो होतो की, उपाशी राहिले तर हे जंतू स्वतःचंच अंग जाळून जगतात. झालं! ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळी हा एसटीनं आला, गूळ घालून परत गेला. दुपारी त्याच्या बायकोचा मला फोन. "साहेब, खरंच जंतूच हायत का तितं, का दुसरं कोण हाय?" त्यावर आम्ही आठवडाभर हसत होतो.

मग उन्हाळ्यात ब्लोअर जळला. नवा यायला आठ दिवस. हवेवर जगणारे जंतू मेले आणि ज्यांना हवाच नको त्यांचं फावलं. रंगाईच्या मिठातल्या सल्फेटवर ते श्वास भागवतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी गॅस सोडतात. सेफ्टीवाल्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून बजावलं की टाकीत उतरायचं नाही. वास येतोय तोवर पळायला वेळ आहे. गॅस वाढला की नाकच मरतं, वास यायचा थांबतो.

इराण्णा तेव्हा हॉलमध्ये नव्हता. उरलीसुरली जनावरं जगवायला गूळ घालत होता. त्याला सांगायचं काम माझ्याकडं होतं. उद्या सांगू म्हटलं आणि राहून गेलं. ते मला अजून खातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुताच्या गुंत्यानं पंप चोक झाला. मी पोचलो तर इराण्णा शिडीनं गाळाच्या टाकीत उतरलेला, पहारीनं गाळ ढवळत होता. मी वरून ओरडलो, अरे वर ये, गॅस आहे.

त्यानं मान वर केली आणि हसला.

"मगाशी लई वास मारत हुता, साहेब. आता कायबी न्हाय बगा."