बारा फुटांचा घाट

मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे कधी संपत नाहीत. रोज झाडा, रोज निघतात. किश्शांचंही तसंच. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघांनी छोटी आगगाडी बांधली, आणि तिचे किस्से अजून कोपऱ्याकोपऱ्यातून निघतायत. मी हसत सांगायला बसतो आणि मध्येच एखादा पायात घुसतो. तेव्हा मी थांबलो तर तुम्ही चहा मागवा, विचारू नका.

\*

सुरुवात पाटील सरांनी केली. रामनगरच्या हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलं, रिटायर झाले, पुण्याला लेकीकडे गेले आणि येताना पिशवीतून एक इंजिन घेऊन आले. वीतभर लांब, खऱ्या इंजिनापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान! माझ्या काउंटरवर दोन हात रूळ जोडून त्यांनी ते चालवून दाखवलं.

शेजारच्या दुकानातला इराप्पा सुतार रंधा हातात घेऊनच आला. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम, असा माणूस. बराच वेळ बघून म्हणाला, "सर, हे करतं काय?"

"फिरतं."

"फिरून?"

"परत येतं."

इराप्पानं मान डोलवली. "मग आमच्या गावच्या बशीपेक्षा बरं की! ती जाते तेवढी."

दुसऱ्या दिवशी तो प्लायवूड मापायला हजर. ठरलं, की आपला घाट बांधायचा. कॅसलरॉक स्टेशनावरून खाली उतरणारा रेल्वेचा घाट, पूल, बोगदे, सगळ्यासकट. मागच्या खोलीत मावेल तेवढा, म्हणजे बारा फूट.

\*

चौथे तुकाराममामा. पंपाची जळलेली मोटार घेऊन आले होते. मी कॉइल उघडेपर्यंत त्यांनी मागच्या खोलीत डोकावलं आणि मोटार विसरले. मामा त्याच घाटात गँगमन होते. रूळ बघत, ठोकत, घाट पायाखाली घालण्यात सगळी नोकरी गेली. राहायला कॅसलरॉकपलीकडच्या एका वाडीत. आमच्या टेबलाकडे बघून पहिलंच वाक्य, "वळण चुकलंय."

सरांनी मोबाइल काढला. "मामा, हे बघा. वरून काढलेला फोटो. गूगलवर आहे."

मामांनी फोटो लांब धरून बघितला. मग शांतपणे विचारलं, "ह्यो गूगल किती वर्सं हुता गँगमध्ये?"

आम्ही पोट धरून हसलो. वळण मात्र सरांच्या फोटोप्रमाणेच चिकटवलं. पुढच्या महिन्यात गाडीनं घाटात गेलो आणि खिडकीतून बघितलं, तर मामाच बरोबर, फोटोत अर्धं वळण झाडीखाली दडलं होतं! सरांनी परतीच्या वाटेवर मोबाइल खिशातून काढलाच नाही. उखडलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं. पण फेविकॉल वाळला होता, आणि आमचा मानही. मामांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. ते वळण आजही चुकीचंच आहे.

\*

डोंगर झाला, जंगल हवं. सरांनी कुठंतरी वाचलं होतं, की वाळलेल्या दोडक्याच्या जाळीचे तुकडे हिरव्या रंगात बुडवले की झाडं होतात. इराप्पानं घरातून आणतो म्हणून सांगितलं आणि खरंच पिशवीभर आणले. दोन दिवसांत असं दाट रान उभं केलं, की मामा म्हणाले, "आता ह्यात अस्वल तेवढं सोडा."

तिसऱ्या दिवशी इराप्पाची बायको दुकानात! मागच्या खोलीत गेली, टेबलावर झुकली आणि एकेक झाड ओळखायला लागली. वर्षभराच्या अंघोळीच्या घासण्या होत्या त्या.

"अण्णा," ती मला म्हणाली, "आता ह्यांच्या पाठीला काय लावू? डोंगर?"

\*

हा पुढचा आजवर कुणाला सांगितलेला नाही.

गाडीला आठ डबे लावले तर चढावर चाकं जागच्या जागी फिरायची. सर वहीत चढाचा हिशेब मांडत बसले. मामा म्हणाले, "मागनं एक इंजिन लावा की. तिकडं बी ढकलत्यातच."

सरांकडे दुसरं एक इंजिन होतं, मोटार जळलेलं. मी भरलं ते. तीस वर्षं वाइंडिंग करतोय, करंगळीएवढी मोटार म्हणजे काय! मोठ्या रुबाबात मागे जोडलं, कंट्रोलर फिरवला, आणि पुढचं इंजिन चढाकडे, मागचं उताराकडे! मधले डबे ताणून ताणून फाटकन सुटले.

मामा म्हणाले, "ह्यास्नी आधी एकमेकाची वळख तरी करून द्या!"

सगळे हसत होते. माझ्या तेव्हाच लक्षात आलं, की मोटारीच्या दोन तारा मी उलट्या जोडल्यात. पण तोंडातून निघालं, "रुळाचा जॉइंट खराब दिसतोय." रूळ इराप्पानं टाकले होते. त्यानं आधी जॉइंटकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. चार दिवस खपून त्यानं सगळा चढ उखडला आणि पुन्हा टाकला. तो जेवायला गेला असताना मी तारा बदलल्या. त्यानंतर गाडी अशी गेली!

"बघा सर," इराप्पा म्हणाला, "माझंच चुकलं हुतं."

मी व्हय म्हणालो. अजून रोज त्याच्याबरोबर चहा पितो.

\*

पावसात खोलीची कौलं गळली. सकाळी उघडलं तर प्लास्टरचा अर्धा डोंगर विरघळून पुलावर आलेला, झाडं आडवी, बोगद्याच्या तोंडात चिखल. सर स्टुलावर बसून राहिले. सहा महिन्यांचं काम. तेवढ्यात मामा छत्री झटकत आले आणि दारातच थबकले. त्यांचा चेहरा असा फुलला, की विचारू नका.

"आत्ता जमला बघा घाट!"

\*

आता हा सांगतो. सांगायलाच पाहिजे.

मामांची एक सवय होती. गाडी सोडण्याआधी ते बारा फूट रुळांवरून बोट फिरवायचे. डोळे अर्धे मिटून, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुरुवातीला आम्ही चेष्टा केली. मग सवय झाली. त्यांचं बोट पोचलं की ते म्हणायचे, "जाऊ दे," आणि मग सर कंट्रोलर फिरवायचे.

एका शाळेनं प्रदर्शनाला आमचा घाट बोलावला. टेबलाचे तीन तुकडे केले, टेंपोत घातले, हॉलमध्ये पुन्हा बोल्ट मारले. शिक्षक, पालक, गावातली मोठी माणसं, सगळे गोळा. मी माइकवर बोलणार होतो. नवीन शर्ट होता अंगात. पाहुणे घड्याळ बघायला लागले, आणि मामांचं बोट आत्ता कुठं पहिल्या बोगद्यापर्यंत आलेलं.

मी माइकवरच म्हणालो, "मामा, व्हा बाजूला. ही काय खरी गाडी हाय?"

हॉल हसला. मामांनी बोट उचललं. "न्हाई," म्हणाले, "खरी न्हाई." आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

मी खूण केली, सरांनी गाडी सोडली. पुलाच्या तोंडाला, टेंपोत हलून, नखाएवढी फट पडली होती. इंजिन गेलं खाली, पाठोपाठ पाच डबे. हॉल आता दुप्पट हसला. मी माइकचं बटण शोधत राहिलो.

गर्दीतून मामा आले. फरशीवर बसले, इंजिन उचललं, खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"असू दे. लागलं न्हाई कुनाला."

आम्ही सामान आवरून बाहेर आलो, तर मामा बस धरून गेलेले.

\*

ते पुन्हा आले नाहीत. गुडघे धरलेत, असा निरोप आला. मग कळलं, गुंदला लेकीकडे राहायला गेले. मी म्हणायचो, या आठवड्यात जाऊ. पंपांचा सीझन, मग लग्नसराई, मग आणखी काहीतरी. गुंद काही विलायतेत नाही. तरी मला आठ महिने लागले.

गेलो तेव्हा भातकापणी चालली होती, घरात ते एकटेच. अर्ध्याहून कमी झाले होते. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, सरांची चौकशी केली, इराप्पाच्या बायकोला नवीन घासण्या मिळाल्या का ते विचारलं. मी बसमध्ये पूर्ण रस्ताभर वाक्य घोकत आलो होतो. शेवटी म्हणालो, "मामा, त्या दिवशी शाळेत..."

"त्या दिवशी बस अगदी येळंवर मिळाली बघ," मामा म्हणाले. "नायतर कधी मिळती व्हय?"

मी हसलो. वाक्य तसंच परत घेऊन आलो. दोन महिन्यांनी मामा गेल्याचा फोन आला.

\*

गेल्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आली. पन्नाशीची, हातात दोन पिशव्या. मला वाटलं मिक्सर असेल.

"मी तुकारामांची लेक," ती म्हणाली. "बेळगावला नणंदेकडं चाललेय. पुढच्या बशीला अर्धा तास हाय. हितं आगगाडी हाय म्हणं?"

मी इराप्पाला हाक मारली, सरांना फोन केला. सर चप्पल न घालता आले. तिला मागच्या खोलीत नेलं, बल्ब लावला. ती टेबलाच्या कडेला हात न लावता उभी राहिली.

"बाबा सारखं सांगायचे, रामनगरात आपली गाडी हाय, आपल्या मानसांनी बांधल्याली. मला वाटायचं, म्हातारपणी काहीबाही बोलत्यात. मी नुसतं व्हय व्हय म्हणायची."

सरांनी गाडी सोडली. गाडी चढ चढली, पूल ओलांडून बोगद्यात शिरली, दुसरीकडून बाहेर आली. ती वाकून बघत राहिली. एक फेरी झाली, दुसरी झाली. बाहेर बसचा हॉर्न वाजला. तिनं पिशव्या उचलल्या. सरांनी कंट्रोलरवर हात ठेवला.

"थांबवू नका," ती म्हणाली. "घाटात गाडी थांबली की बाबा ताटावरनं उठून रुळाकडं जायचे."