चौदा तासांची बैठक

गावातल्या निम्म्याहून अधिक टॅक्सीवाल्यांची कंबर तिच्या हातावर अवलंबून होती. टॅक्सीची सीट, बसमधलं बाक, दाताच्या डॉक्टरची खुर्ची, ज्यावर म्हणून माणूस बसतो ते सगळं दुरुस्तीला तिच्याकडे यायचं. तिला सगळे गादीवाली म्हणत. दुकानात ती आणि तिची नणंद, दोघीच. नणंद फोम कापायची, ही कव्हरं शिवायची, आणि दोघींची तोंडं हातांपेक्षा जोरात चालायची.

एका सकाळी एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ दारात आले आणि बगलेतलं आसन त्यांनी टेबलावर ठेवलं.

"विमानाचं आहे," ते म्हणाले.

नणंदेची कात्री जागच्या जागी थांबली.

गृहस्थ निवृत्त वैमानिक होते, वय शहात्तर; सगळे त्यांना कप्तान म्हणत. एका इंजिनाच्या छोट्या विमानातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या वयाला ती आपल्या देशात कुणीच केलेली नव्हती. विक्रमाच्या निमित्तानं जी देणगी गोळा होईल ती भाजलेल्या मुलांच्या इस्पितळाला जाणार होती. इंजिन, नकाशे, परवानग्या, सगळं तयार होतं. अडलं होतं ते बसण्यापाशी. सहा तास झाले की पाय बधिर व्हायचे, कंबर बोंब मारायची. आणि समुद्रावरचा सगळ्यात लांब टप्पा होता चौदा तासांचा.

"जाड गादी घालून देते की," गादीवाली म्हणाली.

"जाड नको, ताई. गादीचं वजन वाढलं की तेवढं इंधन कमी न्यावं लागतं."

तिनं महिन्याभरात तीन आसनं करून दिली. प्रत्येक वेळी कप्तान विमान फिरवून यायचे, लंगडत दुकानात शिरायचे आणि ओशाळून सांगायचे, "सात तास." मग, "साडेसात." मग पुन्हा, "साडेसातच."

तिसऱ्या खेपेला तिनं दाभण खाली ठेवलं. "मीच बसून बघते. चौदा तास."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?" नणंद ओरडली. "स्वतःच्या लग्नात तासभर एका जागी बसवलं नव्हतं तुला!"

"अहो वन्सं, कुठं दुखतं तेच कळलं नाही तर शिवू काय, कपाळ?"

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना ती हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानात चढली. पट्टा बांधला, पाय पेडलांवर ठेवले. खाली नणंद घड्याळ घेऊन स्टुलावर बसली. पहिले दोन तास काचेतून खाणाखुणा झाल्या. मग नणंदेला डुलकी लागली आणि सगळं शांत झालं.

पत्र्याच्या फटींतून ऊन आत आलं आणि पंखावरून सावकाश सरकू लागलं. खालची फरशी राखाडी होती, तिच्यावर तेलाचे काळे डाग. बघता बघता फरशी हलायला लागली. डागांची बेटं झाली, बेटांच्या कडेनं फेस आला. विमान चाकांवर उभं आहे हे ती विसरून गेली. खालून गावं जात होती. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका मान वर करून बघत होत्या. कुणी हात केला तेव्हा तिनंही नकळत हात वर केला. मग पुन्हा पाणी, पाणीच पाणी, आणि इतकं आभाळ की तिला आपला श्वास मोठा झाल्यासारखा वाटला. मधेच इस्पितळातली मुलं आठवली. कधी पाहिलेली नव्हती, तरी आठवली. पाठीवर निजता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, अशी. त्यांच्याखाली काय अंथरत असतील?

दहाव्या तासाला डाव्या पायात मुंग्या आल्या. बाराव्या तासाला तिला रडू आलं, आणि ते नुसत्या दुखण्याचं नव्हतं. पण बोटं मात्र आसनाखाली चाचपत राहिली.

दिवेलागणीला नणंद आणि कप्तान, दोघांनी तिला बखोटीला धरून खाली उतरवलं.

"समोरची कड गुडघ्यामागची शीर दाबते, ती उतरती करायची," पाय जमिनीला टेकायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. "आणि माकडहाडाखाली फोम नकोच. पोकळी ठेवायची."

कप्तानांनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. "कुठवर जाऊन आलात?"

"बरीच लांब गेले होते," ती म्हणाली.

चौथं आसन घेऊन कप्तान निघाले. पुढचे दोन महिने नणंद रोज भिंतीवरच्या नकाशात टाचणी सरकवायची. लांबच्या टप्प्यानंतर एका बेटावरून फोन आला. आवाज खरखरत होता. "ताई, उतरलो आणि आपल्या पायांनी चालत गेलो!" गादीवालीनं फोन ठेवला आणि त्या दिवशी नकाशातली टाचणी तिनं स्वतः सरकवली.

एका स्वच्छ दुपारी विमान परत आलं. विक्रम झाला होता. इस्पितळाचा नवा वॉर्ड उभा राहणार हेही पक्कं झालं होतं. टोप्या घातलेली इस्पितळातली मुलं, कॅमेरे, टाळ्या. सगळा लोंढा कप्तानांना घेऊन पुढे सरकला तशी नणंदेला खाली उभी करून ती पंखावर पाय देऊन आत डोकावली.

आसन अजून ऊबदार होतं. त्यात कप्तानांची आकृती उमटली होती. कडेची एक शिवण चार बोटं उसवलेली दिसली. "बघितलंत वन्सं, धागा कच्चा निघाला," ती पुटपुटली आणि तिनं पदराला टोचलेली सुई-दोरा काढला. शिवणीच्या खाचेत बिस्किटाचा चुरा होता, आणि कुठल्याशा किनाऱ्याची पांढरी वाळू. तिनं ती झटकली नाही. तशीच आत राहू दिली आणि वरून बारीक टाके घालत गेली.